अठ्ठ्याऐंशी व्होल्ट

१

माणूस विजेच्या धक्क्याने गेला होता, आणि त्या क्षणी घराचा मेन स्विच बंद होता. ही दोन विधाने एकाच वेळी खरी असू शकत नाहीत, असे निरीक्षकाचे म्हणणे पडले. त्याला दोन वर्षे पदार्थविज्ञान मीच शिकवले होते, त्यामुळे त्याच्या या ठामपणाचा थोडा वाटा माझ्याकडेही येत होता.

गेलेला माणूस माझ्या भाचीचा नवरा. वय एकेचाळीस, प्रकृती ठणठणीत. रविवारी सकाळी पावणेअकराच्या सुमारास तो स्वयंपाकाच्या ओट्याशेजारचे सॉकेट खोलून बसला होता, कारण प्लग सैल बसत होता आणि ठिणग्या उडत होत्या. भाची मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होती. धप्प आवाज झाला. कपड्यांचीच बादली लवंडली असावी असे समजून तिने आणखी दोन कपडे दोरीवर टाकले. मग ती आत आली. तो उजव्या कुशीवर पडला होता. फरशी ओली, पाय अनवाणी. भिंतीवरच्या बोर्डात मेन स्विचचा दांडा खाली ओढलेला.

"मी त्या दांड्याला हात लावला नाही," भाची म्हणाली. हे ती निरीक्षकाला सांगत होती, पण बघत होती जमिनीकडे.

"सर, आमच्या माणसाने तपासलं," निरीक्षक म्हणाला. "मेन चालू केला, सगळं व्यवस्थित. मेन बंद केला, सगळं मेलेलं, बल्बसुद्धा लागत नाही. म्हणजे वीज आली, माणूस मारला आणि निघून गेली. वीज अशी आपल्या मनाने येते-जाते का?"

"नाही."

"मग कुणीतरी पाठवली."

त्याने सॉकेटच्या भिंतीकडे बोट केले. ही भिंत नऊ महिन्यांची होती. दोन भावांनी वडिलांचे घर वाटून घेतले, तेव्हा ती बांधली. अलीकडे धाकटा, पलीकडे थोरला. मीटर वेगळे, बोर्ड वेगळे, दारे वेगळी, आणि बोलणे बंद. शुक्रवारी थोरल्याने भर रस्त्यात धाकट्याला बजावले होते, "असा धडा शिकवीन की परत उठायचा नाहीस." ते निदान सात जणांनी ऐकले होते. रविवारी संध्याकाळी, धाकट्याचे प्रेत हलवल्यावर, त्याच थोरल्याने आपला फ्रिज या भिंतीपासून ओढत खोलीच्या दुसऱ्या टोकाला नेला होता. फरशीवर ओरखडे ताजे होते. फ्रिजमागचे सॉकेट आणि धाकट्याने खोललेले सॉकेट पाठीला पाठ लावून होते.

"उद्या दुपारी त्यांना कोर्टात उभं करतोय," निरीक्षक म्हणाला. "कलम खुनाचं. त्याआधी तुमचं लेखी मत हवंय, सर. बासष्ट वर्षांचा माणूस आहे, चुकीचा आत जायला नको. आणि बरोबर असेल तर सुटायला नको."

मी सॉकेटसमोर वाकलो. दोन स्क्रू ओट्यावर नीट शेजारी शेजारी ठेवलेले होते. कामाच्या माणसाची सवय.

या सॉकेटमध्ये मी माझा व्होल्टमीटर यापूर्वी एकदा लावला होता, सात महिन्यांपूर्वी. निरीक्षकाला ते ठाऊक नव्हते. भाचीला ठाऊक होते, आणि तिने अजून मान वर केली नव्हती.

२

थोरले चौकीतल्या बाकावर ताठ बसले होते. आयुष्यभर पुस्तक-बांधणी केलेला माणूस. बाकावरच्या वर्तमानपत्राची घडीही त्यांनी कडा जुळवून घातली होती.

"या मास्तर. तुम्ही त्यांच्याकडचे पाहुणे ना?"

"मी कुणाच्याच बाजूचा नाही."

"असं सगळेच म्हणतात. आणि मग भिंतीच्या एकाच बाजूला चहा पितात."

मी फ्रिजबद्दल विचारले. त्यांचा चेहरा आक्रसला.

"त्याने मेन बंद केला की माझा फ्रिज बंद. दर वेळी! आत माझं इन्सुलिन. मागच्या गुरुवारी दोन तास बंद ठेवला, घरात रंगाचं काम होतं म्हणे. खराब झालं असेल या भीतीने सगळं फेकून दिलं. म्हणून शुक्रवारी बोललो. रागाने माणूस बोलतो, मास्तर."

"तुमचा मीटर वेगळा, बोर्ड वेगळा. त्याच्या मेनने तुमचा फ्रिज बंद पडतोच कसा, हे कुणाला विचारलं नाहीत?"

"कुणाला विचारणार? ज्याला विचारायचं त्याच्याशी अबोला. वायरमनला विचारलं तर तो म्हणाला, बघतो. ते बघतोयच अजून." त्यांनी बाकाच्या कडेवर बोट आपटले. "मी भिंतीवर काठी आपटायचो. तीनदा. त्याला कळायचं. पाचेक मिनिटांनी मेन चालू करायचा. म्हणजे त्यालाही माहीत होतं की नाही?"

नऊ महिन्यांत दोन सख्ख्या भावांमध्ये एवढेच संभाषण झाले होते.

"रविवारी काय झालं?"

"फ्रिज गुरगुरत होता, तो गप्प झाला. मी काठी घेतली. तीनदा आपटली. तिकडून धप्प झालं." त्यांनी वर्तमानपत्राची घडी उलगडली आणि पुन्हा घातली. "मला वाटलं, उलट उत्तर देतोय. मी म्हटलं, दे लेका. खुर्चीत बसून राहिलो. बरं वाटलं मला, मास्तर. मग भावजय ओरडली."

"फ्रिज का हलवलात?"

"काठीने आतलं काहीतरी हललं असणार. एखादी तार सुटली असेल. माझ्या हातून झालं." आवाज इतका खाली गेला की मला पुढे वाकावे लागले. "तो फ्रिज त्या भिंतीला बघवेना मला."

काठीच्या धक्क्याने वीज भिंतीपार जात नाही, हे मी त्यांना सांगू शकलो असतो. पण जे नाही ते सिद्ध झाल्याने जे आहे ते सिद्ध होत नाही, म्हणून मी गप्प राहिलो. निदान त्या वेळी मी स्वतःला हेच कारण दिले.

"एक शेवटचं. वाटणीनंतर तुम्ही त्या खोल्यांत राहायला कधी गेलात?"

"भिंतीला रंग लागला, त्याच दिवशी मी लेकीकडे गेलो. डोळ्यांचं ऑपरेशन होतं. तीन महिने घराला कुलूप. फ्रिज तेवढा वायरमनकडून जोडून घेतला आणि चालू ठेवून गेलो, औषधाचा साठा होता आत."

मी ते वहीत लिहून घेतले. त्या तीन महिन्यांच्या मधोमध माझा तो दिवस येत होता.

३

वायरमन आपल्या दुकानात पंख्याची गुंडाळी भरत बसला होता. मला पाहताच त्याने तारेचा फेरा मोजायचे सोडले.

"भिंतीच्या कामाबद्दल ना?"

"फ्रिजच्या सॉकेटला फेज कुठून आणलीस?"

"थोरल्यांच्या बोर्डावरून. चोख काम."

"आणि न्यूट्रल?"

त्याने सोल्डरिंग आयर्न स्टँडवर ठेवले. मग तिथून उचलून पुन्हा तिथेच ठेवले.

सामान्य वाचकासाठी इतके पुरे की घरात वीज एका तारेने येते आणि दुसरीने परत जाते. येणारी फेज, परतीची न्यूट्रल. फेजला सगळे भितात. न्यूट्रलला, ती गरीब आहे असे समजून, कुणी भीत नाही.

"पाइपातून एक तार गेली," वायरमन म्हणाला. "दुसरी वळणात अडकली. वळण धाकट्यांच्या बाजूला. गिलावा वीतभर फोडला असता तर काम झालं असतं. धाकट्यांना विचारलं. ते म्हणाले, कागदावर काय लिहिलंय? कागदावर लिहिलं होतं, एकाने दुसऱ्याच्या भागात फोडतोड करायची नाही. थोरल्यांना म्हटलं, तार भिंतीवरून पट्टीत घालून देतो. ते म्हणाले, नव्या रंगावर पट्टी? आणि गाडी धरायची घाई त्यांना."

"म्हणून?"

"म्हणून काय. पाठीला पाठ सॉकेटचा डबा होता. पलीकडे धाकट्यांची न्यूट्रल होतीच. घेतलं तिचं एक टोक. मास्तर, न्यूट्रलला कुठे मालक असतो? खांबावर जाऊन सगळ्यांची एकच होते."

"खांबावर एकच होते, हे खरं. पण खांबापर्यंत पोचायला तिला वाटेत धाकट्याचा मेन स्विच लागतो."

तो खरेच विचार करू लागला. त्याच्या तोंडावरचा रंग उतरताना मला दिसला. त्याला समजायला साधारण दहा सेकंद लागले. मला सात महिने लागले होते.

"लेखी देशील?"

"नाही." लगेच. "लायसन जाईल. पोरीचं शिक्षण चालू आहे. कुणी विचारलं तर मी म्हणेन, दोन तारा वेगळ्या सोडल्या होत्या, पुढे कुणी जोडल्या मला माहीत नाही. थोरल्यांच्या बाजूने डबा उघडतोच की." आणि मग, माझ्याकडे न बघता, "तुम्ही सांगू नका, मास्तर. तुमच्यासारख्या माणसाला काय, एक मत लिहायचं असतं."

४

दुपारी आम्ही फ्रिज परत जागेवर आणला. निरीक्षकाने एका हवालदाराला थोरल्यांच्या खोलीत उभे केले आणि कशालाही हात न लावण्याची ताकीद दिली. फ्रिज तासभर चालला, गार झाला, स्वतःहून थांबला. मग मी अलीकडे येऊन भाचीच्या घरातला मेन स्विच खाली ओढला.

मीटरची एक सळई सॉकेटच्या डाव्या भोकात, न्यूट्रलला. दुसरी अर्थिंगला.

"किती, सर?"

"शहाऐंशी व्होल्ट."

"म्हणजे आहे वीज!"

"थांब." मी मीटर काढून तिथे साठ वॅटचा बल्ब जोडला. तो लागला नाही. मीटर परत लावला, तर आकडा शून्याजवळ. "याला आभासी व्होल्टेज म्हणतात. शेजारून जाणाऱ्या फेजमुळे मोकळ्या तारेत जरासा भार साठतो. आपला मीटर फार हळवा, त्याला तोही दिसतो. पण बल्ब लावला की ते निवून जातं. त्यात मुंगी मारायचीही ताकद नसते."

निरीक्षक निराश झाला. "म्हणजे काहीच नाही."

"बल्ब तसाच राहू दे. खुर्ची आण."

आम्ही बसलो. भाची दारात उभी होती. तीन मिनिटे. पाच. निरीक्षकाने दोनदा घड्याळ पाहिले आणि मग हसून म्हणाला, "प्रॅक्टिकलला तुम्ही एका रीडिंगवर कधी सही दिली नाहीत, सर. म्हणायचात, एक रीडिंग म्हणजे अफवा."

मी वहीत वेळ टिपली.

अकराव्या मिनिटाला भिंतीपलीकडे टक् असा बारीक आवाज झाला, आणि बल्ब लख्ख पेटला.

मेन स्विच बंद होता. अलीकडे आम्ही तिघे आपापल्या जागी होतो. निरीक्षक उठून ओरडला, "कशाला हात लावलास रे?"

"कशालाच नाही, साहेब!" पलीकडून हवालदार म्हणाला. "हात खिशात आहेत!"

भाचीने दाराची चौकट धरली.

५

"फ्रिजला आत एक छोटा स्विच असतो," मी म्हणालो. "गार झालं की तुटतो, ऊब आली की जुळतो. तो तुटलेला असताना ही तार मोकळी. आभासी व्होल्टेजशिवाय तिच्यात काही नाही. तो जुळला की थोरल्यांच्या बोर्डावरची फेज फ्रिजमधून या न्यूट्रलवर येते. एरवी ती इथल्या मेन स्विचमधून मुकाट्याने खांबावर निघून जाते. पण हा मेन फेज आणि न्यूट्रल, दोन्ही तोडतो. मेन बंद केलास की तिला परतीची वाट उरत नाही. फ्रिज थांबतो आणि या घरातल्या प्रत्येक सॉकेटचं डावं भोक जिवंत होतं."

निरीक्षक हळूच म्हणाला, "म्हणजे मेन चालू ठेवून न्यूट्रलला हात लावला असता तर वाचले असते."

"बहुधा. त्याने सगळं पुस्तकाप्रमाणे केलं. मेन बंद. टेस्टर फेजला, अंधार. रविवारी फ्रिज चालू असताना मेन पडला, म्हणून आतला स्विच जुळलेलाच राहिला. तार पहिल्या क्षणापासून जिवंत होती. तुझा माणूस तपासायला आला तोवर फ्रिज हलवलेला होता. म्हणून त्याला काही सापडलं नाही."

"छान. पण जोड कुणी केला?" तो आता पोलिसासारखा बोलत होता. "वायरमनला मी विचारलंय. तो म्हणतो तारा वेगळ्या होत्या. डबा थोरल्यांच्या बाजूने उघडतो. धमकी त्यांची. पुरावा त्यांनी हलवला. सर, तुमच्या या प्रयोगाने ते सुटत नाहीत, उलट त्यांनी कसं केलं ते कळलं. ते राहायला येण्याआधी हा जोड होता, असं दाखवता येईल का?"

खोलीत दोन माणसे अशी होती ज्यांना उत्तर ठाऊक होते.

"येईल," मी म्हणालो. "सात महिन्यांपूर्वी, थोरले लेकीकडे असताना, मी इथे आलो होतो."

भाचीने प्रथमच मान वर केली.

"हिने बोलावलं होतं. मेन बंद केला तरी डाव्या भोकात टेस्टर लागतो, कधी लागतो, कधी नाही, असं म्हणत होती. सासूबाई जाऊन वर्ष झालेलं, आणि घराची वाटणी त्यांना आवडली नसती, असं हिच्या मनाने घेतलं होतं. मी मेन बंद केला, मीटर लावला. अठ्ठ्याऐंशी व्होल्ट. बल्ब लावला, लागला नाही. आभासी, म्हणालो. हिच्या हातात एक कागद होता. टेस्टर कधी लागतो आणि कधी नाही, त्याच्या वेळा हिने दोन दिवस टिपल्या होत्या. मी तो वाचला नाही. घडी घालून परत दिला आणि म्हणालो, भुतं वेळापत्रकाने येत नाहीत."

"सर..."

"नुसते अठ्ठ्याऐंशी व्होल्ट काहीच सिद्ध करत नाहीत, ते कुठल्याही जुन्या भिंतीत मिळतात. पण टेस्टर ठरावीक वेळाने लागत-विझत असेल, तर पलीकडे फ्रिज जोडलेला होता. कुलूपबंद घरात. मला व्याख्यानाला जायचं होतं, अंधश्रद्धेवर. तिथे मी हा किस्सा सांगितला. सासूबाईंचे अठ्ठ्याऐंशी व्होल्ट. हशा पिकला."

"आम्ही होतो तिथे," भाची म्हणाली.

मला हे ठाऊक नव्हते.

"मागच्या रांगेत. तुम्हाला न सांगता आलो होतो. सगळ्यात जास्त तेच हसले, मामा. घरी येईपर्यंत माझी टिंगल. तुझा मामा म्हणजे हिरा आहे, म्हणाले." तिचा आवाज कोरडा होता. "रविवारी त्यांनी विचारलं, वायरमनला बोलवू का? मी म्हटलं, कशाला? मामा म्हणालेत ना, मेन बंद करा आणि बिनधास्त हात लावा. मी म्हटलं. मग कपडे घेऊन अंगणात गेले."

"ते वाक्य माझं आहे. तुझ्या तोंडून गेलं, एवढंच."

"तोंड माझं होतं ना पण?" ती निरीक्षकाकडे वळली. "भाऊजींनी केलं असं तुम्ही म्हणालात, तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं. त्यांना काय शिक्षा होईल, ते मनातसुद्धा आलं नाही. कुणीतरी केलंय, एवढं बस होतं मला."

निरीक्षकाने टोपी काढून ओट्यावर ठेवली. "ताई, तो कागद आहे का अजून?"

ती जागची हलली नाही. तो कागद दिला की थोरले घरी येणार होते, आणि त्यानंतर दोष ठेवायला तिच्याकडे फक्त आम्ही दोघे उरत होतो. मी तिला काही सांगण्याच्या लायकीचा नव्हतो. मी माझ्या पिशवीतून वही काढली, ओट्यावर जागा केली आणि लिहू लागलो, कारण तेवढेच मला करता येण्यासारखे होते.

ती आतल्या खोलीत गेली. कपाट उघडल्याचा आवाज आला. बराच वेळ बंद झाल्याचा आला नाही. मग ती बाहेर आली आणि तिने तो कागद निरीक्षकासमोर ठेवला. दोन दिवस, एकोणीस नोंदी, प्रत्येकीपुढे तास आणि मिनिट. वर तारीख. असा तक्ता माझ्या उत्तम विद्यार्थ्यांनीही मला क्वचितच दिला असेल.

"हे कोर्टात सांगाल तुम्ही?" निरीक्षकाने विचारले. "मामा आले होते, काय म्हणाले, सगळं? त्यांच्यावर शेकू शकतं."

"आधी वाचून दाखवा म्हणावं त्यांना, काय लिहिलंय."

मी वाचू लागलो. जोड वायरमनने केला. तो थोरल्यांच्या अनुपस्थितीत अस्तित्वात होता. सोबतचा तक्ता पाहावा. त्यानंतर शेवटचा परिच्छेद. "सदर दोष मी स्वतः तपासूनही ओळखला नाही. मेन बंद केल्यावर निदान वीस मिनिटे निरीक्षण करणे आवश्यक असताना मी केवळ चार मिनिटे थांबून, सॉकेट निर्धोक असल्याचे सांगितले. मयताने त्यावर विश्वास ठेवला."

"चार नाही, मामा," भाची म्हणाली.

मी वर पाहिले.

"तीन. मी घड्याळाकडे बघत उभी होते. म्हटलं, तुमची बस चुकायला नको."

मी चार खोडून तीन लिहिले, आणि खोडलेल्या जागी सही केली.